आयबीडीच्या घरबसल्या संशोधनात भाग घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे (आयबीडी म्हणजे आतड्याला वारंवार सूज येणारे आजार, त्यातला हा मोठ्या आतड्याचा), एका स्टडीसाठी घरूनच स्टूल सॅम्पल आणि मोबाईलवर रोजची नोंद मागतायत, तर भाग घ्यावा का आणि माहिती सेफ राहते का. घ्या, बिनधास्त घ्या. मी घेतलाय, इथे ऐरोलीत राहून, आणि त्यावरून आमच्या घरात जे रामायण झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

किटमध्ये कमोडच्या सीटला चिकटवायचा कागद असतो आणि एक छोटी बाटली, जिच्या झाकणालाच आतून चमचा असतो. लेबलवर तारीख-वेळ टाकायची, बाटली झिपच्या पिशवीत, पिशवी डब्यात, आणि कुरियरवाला येईपर्यंत डबा फ्रिजमध्ये, आमच्या किटवर तसंच लिहिलं होतं. माझे मोठे दीर तेव्हा राहायला आलेले, त्यांनी तो डबा बघितला आणि सगळ्यांसमोर सुरू झाले, हे असलं घरात चालणार नाही, तुझ्यावर प्रयोग चाललेत, तिखट सोड, टेन्शन घेऊ नको, पोट आपोआप बरं होईल. अहो भाऊजी, गोळी कोणी दिलीच नव्हती! माझी औषधं माझ्या डॉक्टरांचीच चालू होती. आमच्या स्टडीत सॅम्पलमध्ये फक्त कॅलप्रोटेक्टिन बघत होते, ते पांढऱ्या पेशींमधलं प्रोटीन, आतड्याला सूज आली की वाढतं, एका ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर नॉर्मल धरतात आणि २५० च्या वर गेलं की सूज चालू आहे असं समजतात. म्हणजे हा आजार मोजून दाखवता येतो, नुसतं मनाचं दुखणं नाही, हेच मला त्या घरात कधी कोणी ऐकून घेतलं नाही.

आणि घरूनच का, तर ठाणे-वाशी लोकलला टॉयलेट नाही. फ्लेअर, म्हणजे आजार उसळलेला, जोरात असतो त्या दिवशी पेशंट हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाही, पोचतो तो जरा बरं वाटल्यावर, आणि डॉक्टरांनी विचारलं की 'ठीक आहे' म्हणून मोकळा होतो. रात्री कितीदा उठलो, रक्त पडलं का, हे त्याच दिवशी लिहिलं तरच खरं राहतं.

माहितीचं म्हणाल तर कन्सेंट फॉर्म घरी आणून वाचा, नावाऐवजी कोड वापरणार का, सॅम्पल नंतर कशाला वापरणार, एथिक्स कमिटीचा (संशोधनात पेशंटचं हित जपलं जातंय का हे बघणारी समिती) फोन दिलाय का ते बघा. कधीही बाहेर पडता येतं, त्याने तुमच्या उपचारावर परिणाम होता कामा नये. पैसे मागितले किंवा चालू औषध बंद करा म्हणाले तर सरळ नाही सांगा. घरच्यांना सांगा जरूर, पण सही करायची की नाही हे त्यांना ठरवू देऊ नका, माझ्या दिरांसारखे सगळीकडे असतात.

हो, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरनेही कॅलप्रोटेक्टिनचा आकडा वाढू शकतो, घेतली असेल तर नोंदीत टाका. आणि स्टडी म्हणजे ट्रीटमेंट नाही, रक्त वाढलं किंवा ताप आला तर त्यांच्या रिपोर्टची वाट बघू नका, लगेच आपल्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना फोन करा.