जेलमधला प्रथिनाचा बँड मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचं वस्तुमान मोजून प्रथिन ओळखण्याची पद्धत) तपासायला दिला आणि अहवालात फक्त केराटिन (कातडी-केसांतलं प्रथिन) आलं. मशीन चुकलं का?

तुम्ही लिहिलंय: ई. कोलायमध्ये बनवलेलं वनस्पतीचं प्रथिन, एसडीएस-पेजवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल) 60 केडीएजवळचा (किलोडाल्टन, वस्तुमानाचं एकक) बँड, आणि अहवालात पहिली चारही नावं केराटिनची.

मशीन बहुधा ठीक असेल. नवा बँड कापायच्या आधी मोजलेली वस्तुमानं कुठल्या प्रथिन-क्रमांच्या डेटाबेसशी जुळवून शोध घेतला ते तपासणी केंद्राला विचारा. फक्त ई. कोलायचा डेटाबेस लावला असेल तर तुमचं प्रथिन सापडणारच नाही. केराटिन मात्र दिसतं, कारण दूषितकांची (बाहेरून मिसळणाऱ्या प्रथिनांची) यादी बहुतेक ठिकाणी सोबत जोडलेली असते. टॅगसकट (शुद्धीकरणासाठी जोडलेल्या तुकड्यासकट) तुमच्या प्रथिनाचा क्रम फास्टा फाइलमध्ये (क्रम लिहायची साधी मजकूर-फाइल) पाठवा आणि जुन्याच रॉ फाइलवर (मशीनच्या मूळ नोंदीवर) पुन्हा शोध घ्यायला सांगा. नमुना नव्याने द्यावा लागत नाही.

तरीही हाती काही लागलं नाही, तर केराटिनचे क्रमांक बघा. 1, 2, 9 आणि 10 म्हणजे माणसाची कातडी. (मानवी एपिथेलियल पेशींच्या नमुन्यात 8 आणि 18 खरेही असू शकतात; तुमच्याकडे तो प्रश्न नाही.) माझा पहिला संशय सॅम्पल बफरवर (जेलवर घालण्याआधी नमुन्यात मिसळायचा द्राव). एका लेनमध्ये नुसता बफर चालवून सिल्व्हर स्टेन करा (चांदीने रंगवा). 55 ते 65 केडीएच्या पट्ट्यात धूसर बँड दिसले, तर ती बाटली फेकून द्या. तुमचा बँड नेमका त्याच जागी आहे.

स्टेनिंगचा डबा वेस्टर्नच्या (प्रतिपिंडांनी प्रथिन शोधण्याच्या पद्धतीच्या) दुधासाठी वापरलेला नको, नाहीतर केसीन (दुधातलं प्रथिन) येतं. बँड लॅमिनार हूडमध्ये, नायट्राइल हातमोजे घालून, नव्या ब्लेडने कापा. लोकरी स्वेटर घालून बसू नका; मेंढीचंही केराटिन सापडतं. फक्त रंगलेला भाग घ्या, साधारण 1 मिमीचे तुकडे करा आणि त्याच जेलचा एक कोरा तुकडाही वेगळ्या नळीत द्या. कोऱ्या तुकड्यातही तेवढंच केराटिन निघालं, तर ते बँडसोबत आलेलं नाही हे कळतं.

बँड देण्यासाठी कूमासीच (निळा रंग) बरा. सिल्व्हर करायचाच असेल तर ग्लुटाराल्डिहाइड नको. ते लायसिनांना (एक अमिनो आम्ल) बांधून टाकतं, आणि ट्रिप्सिन (प्रथिनाचे तुकडे करणारं विकर) कापतं ते लायसिन आणि आर्जिनिनपाशीच.

पचन (ट्रिप्सिनने प्रथिन कापणं) स्वतः करत असाल तर: 50 मिलीमोलर अमोनियम बायकार्बोनेट आणि अॅसिटोनायट्राइल सारख्या प्रमाणात घेऊन निळा रंग जाईपर्यंत धुवा. मग 10 मिलीमोलर डीटीटी (सिस्टीनांमधले बंध सोडवायला), 56 अंशांवर 30 मिनिटं. नंतर 55 मिलीमोलर आयोडोअॅसिटामाइड (ते बंध परत जुळू नयेत म्हणून), अंधारात 20 मिनिटं. पुढची पायरी लोक घाईत उरकतात. नुसत्या अॅसिटोनायट्राइलमध्ये तुकडे पांढरे, कडक व्हायलाच हवेत. ते अर्धवट ओले राहिले तर ट्रिप्सिन आत शोषलं जात नाही, बाहेरच्या द्रवात राहून स्वतःलाच कापत बसतं. ट्रिप्सिन 12.5 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, आधी बर्फावर मुरवा, मग रात्रभर 37 अंशांवर.

पाठवताना अल्किलेशन (सिस्टीन झाकण्याची पायरी) कशाने केलं ते फॉर्मवर लिहा. आयोडोअॅसिटामाइडने सिस्टीनचं वस्तुमान 57.02 डाल्टनने वाढतं. शोधात ते धरलं नाही तर सिस्टीन असलेले सगळे पेप्टाइड (प्रथिनाचे कापलेले तुकडे) हातचे जातात.