अमेरिकेच्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाच्या आयुष्यातल्या रंजक गोष्टी सांगाल का?

मी जिमी कार्टर यांच्याबद्दल सांगते. १९७७ ते १९८१ अशी चारच वर्षं ते सत्तेवर होते, पण मला त्यांचं त्याआधीचं आणि नंतरचं आयुष्य जास्त ओढ लावतं.

सुरुवात त्यांच्या आईपासून करते, कारण त्या आपल्या विक्रोळीत राहून गेल्या. लिलियन कार्टर पेशाने नर्स. नवरा वारलेला, मुलं संसाराला लागलेली. १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवी योजनेतून स्वयंसेविका म्हणून त्या भारतात आल्या. विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाचं काम केलं, मग तिथल्या दवाखान्यात रुग्णसेवा केली. त्यांत कुष्ठरोगीही असत. काळ कोणता होता बघा, घरचे लोकसुद्धा कुष्ठरोग्याला शिवत नसत! मुलगा तेव्हा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात भुईमुगाची शेती सांभाळत होता आणि त्याच वर्षी गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी लढून हरला होता.

त्याही आधी कार्टर नौदलात होते. डिसेंबर १९५२ मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरची अणुभट्टी बिघडली. २८ वर्षांच्या या लेफ्टनंटला पथक घेऊन तिकडे धाडलं. जवळच्या टेनिस कोर्टवर भट्टीची प्रतिकृती उभी करून त्यांनी तालीम केली, कारण आत उतरल्यावर प्रत्येकाला जेमतेम दीड मिनिट मिळणार होतं. तेवढ्यात एखाद-दुसरा बोल्ट सोडवायचा आणि बाहेर पडायचं. पुढे सहा महिने आपल्या लघवीत किरणोत्सार सापडत होता, असं त्यांनीच सांगितलं आहे.

२००६ साली, ८२व्या वर्षी, ते लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरं बांधायला आले होते. हजारो स्वयंसेवक आणि पत्नी रोझलिन यांच्यासोबत ते स्वतः बांधकामावर राबले.

पण माझ्या मनात त्यांचं नाव कायमचं बसलं ते नारू या रोगामुळे. माझ्या आजीच्या घोट्याजवळ नारूचा व्रण होता. लहानपणी बारवेचं पाणी प्यायल्याने झाला, असं ती सांगायची. पाण्यातल्या बारीक पिसवांबरोबर अळी पोटात जाते, आणि वर्षभराने हातभर लांब, दोऱ्यासारखा किडा कातडी फोडून बाहेर येऊ लागतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून जखम चिघळते. यावर ना औषध आहे, ना लस. पाणी फडक्यातून गाळून पिणं हाच मुख्य उपाय. भारतातून नारू २००० सालापर्यंत हद्दपार झाला, पण आफ्रिकेत तो ठाण मांडून होता. १९८६ साली कार्टर यांच्या संस्थेने हे काम अंगावर घेतलं तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत होता. गावोगाव गाळणी वाटली, लोकांना समजावलं. १९९५ साली तर सुदानमधल्या यादवी युद्धात त्यांनी मध्यस्थी करून काही महिने लढाई थांबवली, ती आरोग्यसेवकांना गावांपर्यंत पोचता यावं म्हणून.

२०१५ साली कॅन्सरचं निदान झाल्यावर ते म्हणाले होते की, शेवटचा नारू माझ्याआधी मरावा. २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी पूर्ण करून ते गेले. त्या वर्षी साऱ्या जगात नारूचे वीसही रुग्ण नव्हते.