यादीत बाई, बांधावर कोण?

प्रश्न : मी विदर्भातल्या एका तालुका कृषी कार्यालयात नोकरीला आहे. वरून प्रपत्र आलंय : प्रत्येक योजनेचं 'लिंगभाव व विविधता विश्लेषण' करून पाठवा. रकाने महिला, अनुसूचित जाती, जमाती, दिव्यांग, तृतीयपंथी असे आहेत. आमच्याकडची पद्धत अशी की महिलांपुढे 30 टक्के लिहायचे आणि शेवटच्या दोन रकान्यांत 'निरंक'. साहेब म्हणाले, "गेल्या वर्षीचं काढ, तारीख बदल." मला ते पटत नाही, पण विश्लेषण म्हणजे नक्की काय करायचं हेही उमगत नाही. तुम्ही याच खात्यातून निवृत्त झालात म्हणून विचारतो.

उत्तर : आधी कबुली देते. ही 30 ची हातचलाखी मीही केली आहे, आणि आढावा बैठकीत त्याबद्दल शाबासकीसुद्धा घेतली आहे. एका वर्षी फवारणी पंपांच्या यादीत बरोबर 30 टक्के बाया बसवल्या होत्या. पुढे वेगळ्याच कामानं त्यातल्या एका गावी गेले, तेव्हा यादीतली एक बाई निंदणावर भेटली. पंप कसा चालतो म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मले काय मालूम मॅडम, सही तेवढी माही होती. पंप पोराजवळ असते."

त्या घरानं लबाडी केली असं मी म्हणणार नाही. यांत्रिकीकरणात महिलेला 50 टक्के अनुदान असतं आणि मोठ्या खातेदार पुरुषाला 40. मग ट्रॅक्टर बायकोच्या नावावर घेणारच की! त्या निमित्तानं एखाद्या सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं, तर तेवढं बरंच झालं. फक्त त्याला विश्लेषण म्हणू नका. ती नोंद झाली.

विश्लेषण कसं करायचं ते फवारणीवरूनच सांगते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर प्रशिक्षणं झाली, हातमोजे, मास्क, चष्मे वाटले. कोणाला? पंप पाठीवर घेणाऱ्याला, म्हणजे बहुतेक पुरुषाला. वरवर पाहता चूक काहीच नाही. पण एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या वावरात बसून राहा. पाणी कोण आणतं? दोनशे लिटरचा ड्रम पंधरा लिटरच्या गुंडानं भरायचा तर तेरा-चौदा खेपा होतात. काठीनं औषध ढवळताना ड्रमाशी कोण उभी असते? दुपारी पिकाच्या त्याच ओळींतून निंदायला कोण बसते? आणि रात्री ते औषधानं ओले झालेले कपडे घरच्या कपड्यांबरोबर कोण धुते? आपल्या किटच्या यादीत तिचं नाव नव्हतं, कारण आपण 'फवारणी करणारा' मोजला होता. फवारणीच्या कामात असलेली सगळी माणसं आपण मोजलीच नव्हती. माझ्या नोकरीत हे ध्यानात यायला फार वर्षं गेली, आणि ते कुठल्याही प्रपत्रानं शिकवलं नाही.

तेव्हा योजना हातात घेतली की काम आधी तुकड्यांत मांडा, आणि प्रत्येक तुकड्यापुढे करणाऱ्याचं नाव लिहा. मग बघा, आपलं प्रशिक्षण, अवजार आणि पैसा त्यातल्या कुठल्या तुकड्याला शिवतो.

दुसरी अडचण सातबाऱ्याची. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत, म्हणजे ज्यांच्या नावे शेती कसली जाते त्यांच्यात, बायांचा वाटा 13.87 टक्के होता. निंदणाच्या ओळीत तुम्ही किती पुरुष पाहता ते तुम्हीच सांगा. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क 1994 सालीच दिला, देशानं 2005 साली. तरीही तलाठ्यासमोर 'भावासाठी हक्क सोडते' म्हणणाऱ्या बहिणी आजही दिसतात.

पण सगळ्या बायांना एका रकान्यात कोंबू नका. वनहक्क कायदा 2006 सांगतो की लग्न झालेल्यांचा वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. म्हणजे पोडावरच्या, गावाबाहेरच्या आदिवासी वस्तीतल्या, कोलाम बाईचं नाव कागदावर असू शकतं, आणि गावातल्या बागायतदाराच्या सुनेचं नसतं. कोलाम बाईची अडचण निराळी : आपली बैठक मूळ गावात, मारुतीच्या पारावर, सकाळी अकराला. पोडावरून कोण येणार? आणि पारावर गावातल्या बाया तरी कुठे बसतात? मी बैठक अंगणवाडीत, दिवेलागणीच्या आधी घ्यायला लागले, तेव्हा पहिल्यांदा बाया बोलल्या. पहिला विषय बियाण्याचा निघेल असं वाटलं होतं. निघाला विळ्याच्या मुठीचा. ती हाताला मोठी होते म्हणे.

'निरंक'बद्दल एवढंच : मेळावा पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात ठेवला आणि कुबड्या घेऊन कोणी आलं नाही, तर ते निरंक आपणच तयार केलेलं असतं. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. तुमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यांत त्यातलं एकही नाही, हे लिहायला मोठं धाडस लागतं. तृतीयपंथी शेतकरी खरोखर नसेल, तर निरंक लिहा, पण चौकशी करून लिहा.

राहिले साहेब. त्यांच्याशी वाद घालू नका. जो खरा आकडा असेल तो भरा, आणि 'शेरा' रकान्यात एका गावातल्या दहा घरांची माहिती पाच ओळींत द्या : अवजार कोणाच्या नावे, वापरतं कोण, ठेवलंय कुठे. सोबत मार्गदर्शक सूचनांतल्या परिच्छेदाचा क्रमांक टाका. क्रमांक दिसला की सही लवकर होते, हा माझा अनुभव. ही दहा घरं जूनच्या आत उरका. एकदा निंदण सुरू झालं की बायांना तुमच्याशी बोलायला सवड मिळत नाही.