बाबांसारखा रुमाल, बाबांसारखी चिमूट

प्रश्न : माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. त्याचे वडील हर्णै बंदरातील एका मच्छीमार नौकेवर तांडेल (नौकेचे प्रमुख) आहेत आणि नौका निघाली की आठ-आठ दिवस घरी नसतात. मुलगा त्यांच्यासारखा डोक्याला रुमाल बांधतो, अंगणात पाट उलटा मांडून त्यावरून खलाशांना हुकूम सोडतो आणि शाळेचे नाव काढले की "मी बाबांसारखा दर्यावर जाणार" म्हणतो. अलीकडे तो चुरमुऱ्यांचा चुरा तळहातावर मळून ओठाखाली ठेवतो. "माझ्यासारखा होऊ नकोस," असे म्हणून हे त्याच्यावर रागावतात. सासूबाईंना मात्र कौतुक वाटते. काय करावे?
— एक आई, दापोली तालुका

उत्तर : ताई, पाटावर उभा राहणारा तुमचा मुलगा व्यवसाय निवडत नसून, आठ दिवस न दिसणाऱ्या वडिलांना आपल्यापुरते घरी आणत आहे, असे मला वाटते. या वयातले "मी तांडेल होणार" हे पुढच्या आयुष्याचे वचन समजू नये. त्यामुळे शाळा आणि दर्या यांना एकमेकांसमोर उभे करू नका. मासळीचे वाटे मोजणे, नौकेवरचा नोंदणी क्रमांक वाचणे, हाही अभ्यासच आहे.

मला अधिक काळजी वाटते ती तुमच्या यजमानांच्या वाक्याची. त्यामागचे कष्ट, उधाणातल्या रात्री आणि रिकाम्या हाताने परतण्याचे दिवस आपल्याला कळतात. पण ज्याला बाबांहून मोठे कोणी दिसत नाही, त्या मुलाला एवढेच ऐकू येते की बाबा वाईट आहेत, आणि तसे ते स्वतःच सांगत आहेत. त्याऐवजी "तू शीक, मग तुला काय करायचे ते आपण मिळून ठरवू," असे त्यांनी म्हणावे.

चुरमुऱ्यांची चिमूट मात्र कौतुकाची नाही, हे सासूबाईंनाही समजावून सांगावे लागेल. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात मोठ्या माणसाला बाहुल्याला मारताना पाहिलेल्या मुलांनी नंतर नुसते मारलेच नाही, तर त्या माणसाच्या तोंडचे शब्दही उच्चारले. मूल रुमाल घेते आणि तंबाखू सोडते, अशी निवड ते करत नाही. मुलाला दटावल्याने ही चिमूट थांबणार नाही. ती वडिलांच्या हातातून सुटली पाहिजे. एकदम सुटणे अवघड असेल, तर निदान डबी घरात दिसू नये, आणि सोडण्यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी. हे यजमानांशी बोलाल ते मुलगा झोपल्यावर बोला.

याच अनुकरणाचा उपयोगही होतो. मुलाला होडीत बसवण्याचा प्रसंग आला, तर वडिलांनी आधी स्वतः लाइफ जॅकेट चढवावे. मग त्याला वेगळे सांगावे लागणार नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात यजमान घरी असतील. पडवीत जाळ्यांची दुरुस्ती करताना फाटक्या जाळ्याचा एक तुकडा आणि जाड दोरा त्यालाही द्यावा. पहिल्या गाठी सैल पडतील, वडील त्या सोडून पुन्हा मारून दाखवतील, आणि तेवढा वेळ त्यांचे दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले राहतील.