वाचकांचे प्रश्न : काल्पनिक जग आणि त्याचा नियम

प्रश्न : गेल्या काही वर्षांत गाजलेल्या इंग्रजी फँटसी कादंबऱ्या मी ओळीने वाचल्या. एन. के. जेमिसिन यांची 'द फिफ्थ सीझन' मनापासून आवडली, पण आर. एफ. क्वांग यांची 'बेबेल' वाचताना आपण एखाद्या व्याख्यानाला बसलो आहोत, असे सतत वाटत राहिले. वसाहतवाद आणि वंशभेद हे विषय महत्त्वाचे आहेत हे मान्य, परंतु ते अद्भुतरम्य कादंबरीच्या खांद्यावर का द्यावेत? हल्लीच्या लेखकांना गोष्ट सांगण्यापेक्षा मत मांडण्याचीच घाई झालेली आहे, असे माझे मत झाले आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : 'बेबेल'विषयीची तुमची तक्रार मला बऱ्याच अंशी पटते, तिचे तुम्ही दिलेले कारण मात्र पटत नाही. तुम्हाला आवडलेली 'द फिफ्थ सीझन' राजकीयदृष्ट्या 'बेबेल'पेक्षा तसूभरही सौम्य नाही. २०१५ साली आलेल्या या कादंबरीला आणि तिच्या पुढच्या दोन भागांना लागोपाठ तीन वर्षे सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो हा विज्ञानकथा-फँटसीतला मानाचा पुरस्कार मिळाला, जे त्यापूर्वी कोणत्याही लेखकाच्या बाबतीत घडलेले नव्हते. त्या त्रयीचा विषय सरळसरळ गुलामगिरी हाच आहे. जमिनीखालची ऊर्जा काबूत ठेवू शकणारी माणसे नसतील तर ते भूकंपग्रस्त खंड टिकणार नाही, आणि तरीही त्याच माणसांना शिवी देऊन हाक मारली जाते, लहानपणीच घरातून उचलून नेले जाते आणि पहारेकऱ्यांच्या धाकात वाढवले जाते. भूकंप शमवण्यासाठी उभारलेल्या एका ठाण्यावर प्रत्यक्षात कोणाला जखडून ठेवलेले होते, हे अलाबास्टर हा त्या माणसांपैकीच एक जण आपल्या सहकारी स्त्रीला दाखवतो, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. तेथे लेखिका गुलामगिरीविषयी एक वाक्यही बोलत नाही, कारण बोलण्याची गरजच उरलेली नसते. त्या जगाचा जो भौतिक नियम आहे, तोच त्या जगाचा अन्याय आहे. एक समजला की दुसरा वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

माझ्या दृष्टीने काल्पनिक जगाच्या कादंबरीची खरी कसोटी हीच आहे. राजकारण असावे की नसावे हा प्रश्न दुय्यम आहे. लेखकाने कल्पिलेला नियम त्या कादंबरीचे म्हणणे स्वतः पेलतो का, की नियम एका बाजूला पडून राहतो आणि म्हणणे पात्रांच्या तोंडून वदवून घ्यावे लागते, हे पाहावे.

'बेबेल'ची खंत अशी की तिचा नियम विलक्षण चांगला आहे. १८३० च्या दशकातल्या ऑक्सफर्डमध्ये चांदीच्या लगडींवर दोन भाषांतले जोडशब्द कोरले जातात आणि भाषांतरात जे निसटते ते त्या चांदीतून शक्ती म्हणून प्रकटते. त्या शक्तीवर ब्रिटिशांची जहाजे, गाड्या आणि यंत्रमाग चालतात. ही चांदी जागी करायला दोन्ही भाषा अंगात मुरलेला माणूस लागतो, म्हणून साम्राज्याला कँटनहून एक मुलगा हवा असतो, कलकत्त्याहून एक आणि हैतीहून एक मुलगी हवी असते. वसाहतीतून कच्चा माल न्यायचा आणि त्यावरची सत्ता मात्र आपल्याकडे ठेवायची, हे सगळे अर्थशास्त्र या एका कल्पनेत सामावलेले आहे. इतके साधल्यावर लेखिकेने वाचकावर विश्वास ठेवायला हवा होता. त्याऐवजी तळटीपा येतात, संवाद येतात, आणि जे चांदीने आधीच सांगितले ते पुन्हा पुन्हा सांगितले जाते. प्राध्यापक लव्हेलसारखी पात्रे इतकी उघडपणे आपली बाजू बोलून दाखवतात की वाचकाला तोलून पाहण्यासारखे फारसे काही उरत नाही. कँटनहून आणलेला तो मुलगा, रॉबिन, दुभाषा म्हणून कँटनला परततो आणि अफू विकू पाहणाऱ्यांचे म्हणणे स्वतःच्या मातृभाषेत मांडण्याची वेळ त्याच्यावर येते, ती प्रकरणे मात्र पुन्हा वाचून पाहावीत अशी माझी तुम्हाला विनंती आहे. तेथे क्वांग यांनी स्वतःच्या कल्पनेला मोकळे सोडले आहे, आणि तेवढ्या पानांसाठी मी ही कादंबरी कोणालाही वाचायला सांगेन.

प्रश्न : वज्र चंद्रसेकेरा यांच्या 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' या कादंबरीला नेब्युला पुरस्कार मिळाल्याचे कळल्यावर मी ती उत्सुकतेने वाचली. तिचा आधार सिद्धार्थ आणि राहुल यांची कथा आहे हे लवकरच लक्षात येते. पण येथे मुलाला टाकून गेलेला पिता हा एका पंथाचा सत्तालोलुप प्रमुख म्हणून रंगवलेला आहे. आमच्या घराण्याने नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारला. या कादंबरीने मी दुखावले गेले, हे लपवत नाही. अशा कादंबरीला मोठे म्हणावे का?
– एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : तुमचे दुखावले जाणे मी पूर्ण आदराने मान्य करतो, आणि ते वाचन चुकीचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. महाराष्ट्रात बुद्धाचे नाव उच्चारले की जे मनात उभे राहते, तेच श्रीलंकेतल्या लेखकाच्या मनात उभे राहील असे नाही, एवढेच मी प्रथम मांडू इच्छितो. १९५६ हे वर्ष घ्या. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे अडीच हजारावे वर्ष म्हणून ते सर्वत्र साजरे झाले. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली आणि येथे बुद्ध हा जातीच्या जोखडातून सुटण्याचा मार्ग झाला. त्याच वर्षी जूनमध्ये श्रीलंकेत, म्हणजे त्यावेळच्या सिलोनमध्ये, फक्त सिंहली हीच राजभाषा ठरवणारा कायदा झाला आणि त्यामागच्या चळवळीत अनेक भिक्खू आघाडीवर होते. पुढे १९८३ च्या जुलैमध्ये तमिळांची कत्तल झाली आणि त्यानंतरचे यादवी युद्ध २००९ पर्यंत चालले. ज्या देशात बुद्धाचे नाव बहुसंख्याकांच्या सत्तेने उचलले, त्या देशाचा लेखक त्या नावाकडे भयाने पाहतो. त्याचा रोख त्या सत्तेवर आहे, तुमच्या दीक्षेवर नाही, असे माझे वाचन आहे.

गृहत्यागाच्या कथेची फेरमांडणी करण्याचा अधिकार आपल्या परंपरेनेही वापरलेला आहे. बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून मध्यरात्री घर सोडले, ही पारंपरिक कथा त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या वादात सिद्धार्थ युद्धाच्या विरोधात उभा राहतो आणि त्यातून परिव्रज्या पत्करतो. यशोधरा ते ऐकून त्याला संमती देते आणि राहुलला सांभाळायचे नसते तर आपणही आलो असतो, असे म्हणते. झोपलेल्या पत्नीला आणि तान्ह्या मुलाला सोडून निघून जाण्यात जो नैतिक प्रश्न आहे, तो बाबासाहेबांनाही बोचला होता, आणि त्यांनी त्याचे उत्तर बुद्धाची उंची वाढवणारे शोधले. चंद्रसेकेरा त्याच प्रश्नाकडे मुलाच्या जागेवरून पाहतात.

कादंबरी म्हणून ती मोठी आहे का, याविषयी माझे मत बहुतांशी होकारार्थी आहे. पहिल्याच वाक्यात आई नवजात बाळाची सावली खिळ्याने जमिनीला ठोकते आणि ती त्याच्यापासून फाडून काढते. पित्याला ठार मारण्यासाठीच ती त्याला वाढवते. मोठेपणी तो ज्या शहरात येऊन राहतो, तेथे जागोजागी कधीच न उघडणारी, पलीकडची बाजूच नसलेली दारे आहेत. तेथे वंश आणि जात यांच्या गुंतागुंतीच्या वर्गवाऱ्या आहेत, साथीच्या नावाखाली डांबलेली माणसे आहेत, आणि निवडले जायचे राहून गेलेल्या, नियतीने नाकारलेल्या लोकांचे एक मंडळही आहे, जे मला त्या पुस्तकातले सर्वांत हृद्य वाटले. ज्याला सावलीच नाही अशा माणसाला कोणत्या वर्गवारीत घालायचे, हा प्रश्न त्या शहरातल्या कारकुनीला पेलत नाही. नियमाने म्हणणे पेलणे ते हेच. उत्तरार्धात निवेदनाला जी कलाटणी मिळते, तिची तयारी मात्र अपुरी वाटते, आणि आईचे पात्र, जिच्यापासून सारे सुरू झाले, तिच्या वाट्याला जेवढी पाने यायला हवी होती तेवढी आलेली नाहीत. तुमच्या मनातली खंत कदाचित या शेवटच्या त्रुटीशीही जोडलेली असेल. मुलाच्या रागाला जागा मिळाली, पण यशोधरेच्या जागी उभ्या असलेल्या स्त्रीला पुरेशी मिळाली नाही.

प्रश्न : इंग्रजी कादंबऱ्या वाचण्याचा मला फारसा सराव नाही. या प्रकारातली सुरुवात कोठून करावी?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : सुझॅना क्लार्क यांच्या 'पिरानेसी'पासून करा. २०२० साली आलेल्या या छोट्या कादंबरीला पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझ मिळाले. असंख्य दालने, पुतळे आणि भरती-ओहोटीचे पाणी असलेल्या एका अफाट वास्तूत राहणाऱ्या माणसाची ती रोजनिशी आहे, त्यामुळे वाक्ये सरळ आहेत. दालनांच्या दिशा पहिल्या काही पानांत गोंधळात टाकतील. त्या पाठ करण्याचा प्रयत्न करू नका आणि मलपृष्ठावरचा मजकूरही आधी वाचू नका. ती वाचून झाल्यावर रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची २०२४ ची 'द टेंटेड कप' घ्या. एका अधिकाऱ्याच्या शरीरातून झाड उगवून त्याचा मृत्यू झालेला आहे आणि त्याचा तपास करायचा आहे, अशी ती रहस्यकथा आहे. समुद्रातून येणाऱ्या महाकाय प्राण्यांना अडवणाऱ्या तटबंदीची रोजची डागडुजी करणाऱ्या माणसांविषयी तिच्यात जे ममत्व आहे, ते मला २०२५ च्या ह्यूगो पुरस्कारापेक्षाही मोलाचे वाटते. 'द फिफ्थ सीझन' त्यानंतर वाचा, कारण तिच्यातला एक मोठा भाग 'तू' असे संबोधून सांगितलेला आहे आणि त्याचे कारण कळेपर्यंत धीर धरावा लागतो.