डिग्री सोडून थेट मुंबई? आधी फ्रेंच गायक-नट द्युत्रोंची वर्षं बघ

तू लिहिलंयस की सेकंड इयरला आहेस, गिटार वाजवतोस, एकांकिकेत कामं करतोस, घरचे म्हणतात एक काहीतरी धर, आणि फ्रेंचच्या क्लासमध्ये झाक द्युत्रोंबद्दल ऐकल्यापासून तुला वाटतंय की तो गायक आणि नट दोन्ही झाला तर मी का नाही, डिग्री सोडून मुंबईला जाऊ का?

दोन्ही होता येतं, घरच्यांनाही सांग. पण त्याची सालं नीट बघ. जन्म १९४३, पॅरिसचा. ग्राफिक डिझाइन शिकला आणि सोबत बँडमध्ये गिटार वाजवायचा. १९६२ मध्ये केलेल्या त्याच्या एका नुसत्या वाद्यांच्या ट्यूनला नंतर शब्द लागले आणि ते गाणं फ्रांस्वाज हार्डी या गायिकेने गायलं, म्हणजे नाव तिचं झालं, चाल याची. मग मिलिटरी सर्व्हिस, आणि परत आल्यावर व्होग या रेकॉर्ड कंपनीत असिस्टंटची नोकरी! दुसऱ्यांची गाणी कशी बनतात, कोणतं चालतं, कोणतं पडतं, हे तो रोज तिथे बसून बघत होता. १९६६ मध्ये झाक लांझमानने शब्द लिहिले, याने चाल लावली, गाणार होता दुसराच, ते काही जमेना म्हणून साहेबांनी यालाच माईकपुढे उभं केलं आणि गाणं तुफान चाललं. नशीब होतंच, पण तो त्या ऑफिसात होता म्हणून नशिबाला सापडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सिनेमा त्यानंतर, १९७४ च्या सुमारास. आणि चित्रकार व्हॅन गॉगच्या भूमिकेसाठी सेझार, म्हणजे फ्रेंच सिनेमाचं मोठं अवॉर्ड, मिळालं १९९२ ला. मोठा नट म्हणून शिक्का बसायला १८ वर्षं गेली.

म्हणून डिग्री सोडू नकोस. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे एफटीआयआयच्या, साउंडच्या कोर्सला ग्रॅज्युएशन लागतं, तो दरवाजा आत्ताच का बंद करायचा? या सुट्टीत एखाद्या रेकॉर्डिंग स्टुडिओत पडेल ते काम माग, केबल गुंडाळायचं असलं तरी चालेल, तिथे कान तयार होतो आणि ओळखी होतात. शब्द चांगले लिहिणारा एखादा मित्र शोध, सगळं एकट्याने करायचा हट्ट नको, द्युत्रोंनेही तो केला नाही. एकांकिका चालू ठेव.

आईबाबांना हे पत्र वाचायला दे. आणि मला पुढच्या पत्रात सांग, स्वतःच्या चाली किती केल्यास आणि त्यातली एखादी दुसऱ्या कुणी गायलीय का.