कीटकनाशक प्यायलेल्या रुग्णाला ट्यूब टाकायची वेळ येते तेव्हा

ग्रामीण रुग्णालयात रात्री एकट्याच असता, कीटकनाशक प्यायलेला रुग्ण आला आणि श्वासनलिकेत ट्यूब टाकावी लागली तर कोणती औषधं हाताशी ठेवू, असं तुम्ही विचारलंय. औषधांवर येतो, पण आधी सक्शन बघा. ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकात लाळ आणि फेस इतका येतो की लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं उपकरण) घालून काहीच दिसत नाही. मशीन चालू करा, नळीचं तोंड अंगठ्याने दाबा, काटा चढतो का पाहा. ऑक्सिजनच्या जंबो सिलिंडरची किल्ली कुठे असते तेही वॉर्डबॉय मामांना ड्युटीवर येताच विचारा. (ती कायम दुसऱ्याच वॉर्डात सापडते.)

अ‍ॅट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, ट्यूबसाठी थांबवू नका. 2 ते 3 मिलिग्रॅम शिरेतून द्या आणि छातीतली घरघर जाईपर्यंत दर 5 मिनिटांनी डोस दुप्पट करत जा. तोवर डोक्याकडची बाजू 20-30 अंश वर, घट्ट मास्कने किमान 3 मिनिटं ऑक्सिजन. श्वास अपुरा असेल तर अँबूने (हाताने दाबायच्या पिशवीने) साथ द्या. नाकातली नळी 15 लिटरवर ठेवा, ट्यूब टाकतानाही काढू नका.

आता औषधं. स्कोलिन (स्नायू लुळे करणारं सक्सिनिलकोलिन) इथे नको. ते ज्या कोलिनेस्टरेज एन्झाइममुळे काही मिनिटांत उतरतं, तेच विषाने बंद पाडलेलं असतं, त्यामुळे रुग्ण तासन् तास लुळा राहू शकतो. स्नायू लुळे करायला त्याऐवजी रोक्युरोनियम किलोला 1.2 मिलिग्रॅम द्या. भुलीसाठी केटामिन किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम. बीपी पडलेलं असेल तर केटामिन निम्मंच, आणि आधी बीपी सावरा.

सिस्टरना मोठ्याने सांगून ठेवा: सॅच्युरेशन 93 च्या खाली गेलं की मला थांबवा, बॅगिंग करू. बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी) पहिल्याच प्रयत्नाला हातात हवी. दोनदा जमलं नाही तर आय-जेल (घशात, स्वरयंत्रावर बसणारी नळी). त्यानेही ऑक्सिजन जात नसेल तर गळ्यावर छेद देऊन तिथून: 10 नंबरचं ब्लेड, बूजी, 6 नंबरची ट्यूब. हे तिन्ही एका ट्रेमध्ये समोर दिसलं पाहिजे, कपाटात नव्हे.

ट्यूब श्वासनलिकेत आहे हे कॅप्नोग्राफचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख सांगतो. नुसत्या स्टेथोवर विसंबू नका, पोटातला आवाजही छातीवर ऐकू येतो. तुमच्याकडे कॅप्नोग्राफ नसेल तर अधीक्षकांकडे लेखी मागणी कराच.

आणखी एक, हे बरेच जण विसरतात. केटामिन 10-20 मिनिटांत उतरतं, रोक्युरोनियम मात्र तासभर आणि जास्तही टिकतं. म्हणजे रुग्ण जागा, पण पापणीही हलवू शकत नाही. झोपेसाठी मिडाझोलम आणि वेदनेसाठी फेंटानिल ट्यूबआधीच भरून, लेबल लावून ठेवा, आणि 108 ला फोनही तेव्हाच करा.